सालगड्याच्या दरानं माझे तास

पिकांच्या लागवड खर्चाच्या सरकारी पाहणीसाठी आमचं घर कुणी शिफारस करून निवडलं नव्हतं. आधी तालुका निघाला, मग गाव, मग गावातल्या शेतकऱ्यांची जमिनीप्रमाणे यादी झाली आणि त्या यादीतून दहा नावं काढली. एक हेक्टरच्या आतले दोन, एक ते दोन हेक्टरमधले दोन, दोन ते चारमधले दोन, चार ते सहामधले दोन आणि सहाच्या वरचे दोन. आमची साडेचार एकर, म्हणजे दोन हेक्टरच्या थोडी आत, म्हणून आम्ही दुसऱ्या गटात. नाव ह्यांचं, कारण सातबारा ह्यांच्या नावावर.

पहिल्यांदा फील्डमन, म्हणजे पाहणीचा हिशेब लिहून घेणारा मुलगा, आला तेव्हा मी ओसरीवर तूर पाखडत होते. "दादा आहेत का घरी?" त्यानं विचारलं. हे शेतात होते, म्हणून तो तासभर पायरीवर थांबला. मी शेजारी बसले होते, पण मला त्यानं काहीच विचारलं नाही. पुढं हा मुलगा आमच्या घरातलाच झाला, म्हणून हे रागानं लिहीत नाही. त्याला तसंच शिकवलं होतं, आणि मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हे काम म्हणजे पिकांच्या लागवड खर्चाची पाहणी. केंद्र सरकारची ही योजना राज्याराज्यातली कृषी विद्यापीठं राबवतात. एक गाव घेतलं की तीन वर्षं त्याच दहा घरांचा हिशेब लिहायचा: नांगरटीला किती दिले, बियाणं घरचं की विकतचं, खताची पोती किती, रोजानं माणसं किती, घरची किती. त्या नोंदी विद्यापीठातून दिल्लीला जातात आणि त्यावरून कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करतो. हे सगळं मला नंतर, तुकड्यातुकड्यानं कळलं. पहिल्या दिवशी गावात एवढीच कुजबुज होती की ज्यांची नावं लिहून घेतली त्यांचं अनुदान बंद होणार.

त्या भीतीपोटी पहिले दोन महिने आमच्याकडून खोटं लिहिलं गेलं. ह्यांनी पाहुण्याकडून घेतलेली उसनवारी सांगितली नाही. शेजारच्या घरानं सोयाबीनचं उत्पन्न कमी सांगितलं, तर एकानं मोठेपणा मिरवायला जास्त. फील्डमन म्हणायचा, "दादा, ही माहिती कुणाच्या नावानं बाहेर जात नाही. तुम्ही खर्च लपवला तर तो भावात कसा येईल?" हे साधं बोलणं चार-पाच वेळा ऐकल्यावरच गावाच्या डोक्यात शिरलं. राष्ट्रीय धोरणात शेतकऱ्याला सामील करायचं म्हणतात, त्याची सुरुवात माझ्या मते इथं होते. समोरच्या माणसाला भीती वाटत असेल तर त्याच्याकडून खरा आकडा मिळत नाही, आणि ती भीती घालवायला तोच माणूस पुन्हा पुन्हा दारात यावा लागतो.

खुरपणी चालू होती तेव्हाची एक संध्याकाळ माझ्या मनात कोरलेली आहे. फील्डमन वही काढून बसला होता, हे खाटेवर, मी चुलीपाशी.

"दादा, खुरपणीला घरची माणसं किती?"

"मी होतो. बाकी रोजाच्या बायका, सहा."

मी आणि सासूबाई त्या दिवशी सकाळपासून वावरात होतो. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि बाहेर आले. म्हटलं, "भाऊ, आम्ही दोघी पण होतो."

त्याचा पेन थांबला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हे लबाडीनं बोलले नव्हते. घरच्या बाईनं शेतात राबणं आमच्याकडं मोजायची गोष्टच नव्हती, जसं विहिरीतून पाणी ओढणं कुणी मोजत नाही.

"किती तास, वहिनी?"

मला उत्तर देता येईना. घड्याळ बघून कुणी खुरपायला जात नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "कासराभर दिवस वर आला तवा गेलो, अन् दिवस मावळायला आलो. मधी भाकरीपुरतं बसलो." त्या मुलानं कासराभर दिवस म्हणजे किती वाजले ते बोटांवर मोजलं आणि दोघींचे मिळून किती तास झाले ते लिहिले. मोजलेल्या कामाची तशी पहिलीच नोंद आमच्या घरात झाली.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलं आणि सुतळीला पेन्सिल बांधली. बी.कॉम.चं एक वर्ष झाल्यावर लग्न झालेलं, हिशेबाची आवड तेव्हापासूनची. माझे तास, आत्यांचे तास (सासूबाईंना मी आत्या म्हणते), ह्यांचे तास, रोज. बियाणं निवडायला बसलो ते, गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघितली ते, मळणीला पोत्यांची तोंडं शिवली ते. काही वेळा भांडणही झालं. रोजाच्या माणसांसाठी मी पहाटे उठून भाकरी करायची, ते तास मी लिहिले. फील्डमननं वर विचारलं आणि उत्तर आलं की स्वयंपाक घरकामात मोडतो. मजुराला दिलेल्या जेवणाची किंमत मजुरीत धरायची, पण ते जेवण करणारीचे तास कुठंच नाहीत. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. तरी मी ते कॅलेंडरवर लिहीतच राहिले, खाली रेघ ओढून वेगळे.

हंगाम संपल्यावर बेरीज केली. सोयाबीनच्या एकरामागं घरच्या माणसांचे १२० तास झाले होते. ह्यांचे चाळीस, आम्हा दोघींचे ऐंशी.

त्याच सुमारास फील्डमननं एका पाठकोऱ्या कागदावर मला खर्चाचे प्रकार समजावून सांगितले. खिशातून जातो तो खर्च, म्हणजे बियाणं, खत, औषध, मजुरी, भाडं, अवजारांचा घसारा आणि दुसऱ्याची जमीन ठोक्यानं घेतली असेल तर तो ठोका, हा ए-टू. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. सरकार दीडपट भाव देतं म्हणते ते मधल्या आकड्याच्या. शेतकरी संघटना मागतात ते शेवटच्या आकड्याच्या.

"घरच्या माणसाची मजुरी कोणत्या दरानं धरता?" मी विचारलं.

"सालगड्याच्या."

मी गप्प झाले. आमच्याकडं पाडव्याला सालगड्याचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल ठरतं. आमच्या भावकीत त्या वर्षी एक लाख वीस हजाराला ठरलं होतं. तीनशे दिवसांनी भागलं तर दिवसाला चारशे. म्हणजे माझ्या आठ तासांचे चारशे रुपये. कमी की जास्त हा विचार पुढं कधीतरी आला. त्या क्षणी मनात एवढंच आलं की लग्न होऊन चौदा वर्षं झाली आणि माझ्या दिवसाला आकडा आज पहिल्यांदा लागला.

हिशेब मांडते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. चांगल्या वर्षी आमचं सोयाबीन एकरी साडेसहा क्विंटल झालं. खिशातून गेले एकरी २०,८००, म्हणजे क्विंटलला ३,२००. घरच्या मजुरीत फक्त ह्यांचे चाळीस तास धरले तर क्विंटलमागं तीनशे रुपये वाढतात. आम्हा दोघींचे धरले तर नऊशेच्या वर. एका घरात, एका पिकात, कोणाला प्रश्न विचारला एवढ्यावर क्विंटलमागं सहाशे रुपयांचा फरक पडतो. आता दहा घरांत दहाही ठिकाणी दादालाच विचारलं असेल तर? मी बाकीच्या नऊ घरी जाऊन बायकांना विचारलं. सात घरांत तास लिहिलेच नव्हते, किंवा अंदाजानं टाकले होते. फील्डमननं ते मान्य केलं आणि दुसऱ्या वर्षापासून तो दुपारी, बायका घरी भेटतात त्या वेळी येऊ लागला. हा बदल कुठल्या परिपत्रकानं झाला नाही.

दुसऱ्या वर्षी काढणीला पाऊस लागला. उभ्या शेंगा काळ्या पडल्या आणि एकरी चारच क्विंटल हाती आलं. खर्च मात्र २०,०००. मळणी पोत्यावर असते म्हणून तेवढा थोडा कमी, बाकी सगळा खर्च आधीच होऊन गेलेला. क्विंटलला ५,००० रुपये पडले, तेही घरची मजुरी न धरता. आयोग मागच्या तीन वर्षांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज काढतो आणि सगळ्या राज्यांची मिळून उत्पादनाच्या प्रमाणात सरासरी घेतो. सोयाबीनमध्ये आमच्या शेजारी मध्य प्रदेश आणि राजस्थान बसतात. देशाला एक भाव द्यायचा तर दुसरा मार्ग काय, हे मला समजतं. पण आमचं चार क्विंटलचं वर्ष त्या सरासरीत कुठं विरघळलं, हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात विभागाच्या गावी एक बैठक होती. खरिपाच्या हमीभावाबद्दल शेतकऱ्यांची मतं ऐकायची. आमच्या बचत गटांची मिळून एक उत्पादक कंपनी आहे आणि मी तिच्यात संचालक, म्हणून निरोप आला. निरोप आला तो दोन दिवस आधी, फोनवर. बरोबर एक प्रश्नावली आली, ती इंग्रजीत. पोराच्या शाळेतल्या सरांकडून रात्री बसून मराठी करून घेतली. प्रश्न चांगले होते, खरोखर चांगले. मजुरीचे दर किती वाढले, विक्री कधी केली, हमीभावापेक्षा कमी मिळाला का, का मिळाला. महिनाभर आधी मराठीत मिळाले असते तर आम्ही चाळीस बायकांनी बसून उत्तरं लिहिली असती.

सभागृहात मोठे लोक होते. संघटनांचे पुढारी, तेल कारखान्यांचे प्रतिनिधी, बाजार समितीतले लोक, अधिकारी, प्राध्यापक. बायका आम्ही तिघी. सुरुवातीचं सादरीकरण तासभर चाललं. मग संघटनांची भाषणं. स्वामिनाथन आयोगाचं नाव जवळपास प्रत्येकानं घेतलं, आणि ते रास्तच होतं. २००४ मध्ये नेमलेल्या त्या राष्ट्रीय शेतकरी आयोगानं २००६ पर्यंत पाच अहवाल दिले आणि खर्चावर निदान पन्नास टक्के धरून भाव द्या म्हणून सांगितलं. त्यातूनच पुढं २००७ चं राष्ट्रीय शेतकरी धोरण आलं, आणि त्या धोरणातली शेतकऱ्याची व्याख्या सातबाऱ्यापुरती नाही. त्यात शेतमजूर आहे, वाटेकरी आहे, कूळ आहे, शेळ्या-कोंबड्या पाळणारी बाई आहे. हे कुणी त्या दिवशी बोललं नाही. मी बोलायचं ठरवून गेले होते.

माझी पाळी जेवणानंतर आली. तीन मिनिटं. मी कॅलेंडरची पानं काढून टेबलावर ठेवली आणि भाषण न करता आकडे वाचले. म्हटलं, हे चाळीस तास मालकाचे, हे ऐंशी आमचे. तुमच्या कागदावर फक्त चाळीस असतील तर तुमची दीडपट चुकीच्या आकड्याची दीडपट आहे. सूत्राचं भांडण होत राहील, पण सूत्रात घालायचा आकडा जिनं काम केलं तिला विचारून घ्या. दुसरं, वाईट वर्षाचा क्विंटलमागचा खर्च सरासरीच्या शेजारी वेगळा छापा, म्हणजे वाचणाऱ्याला दिसेल. तिसरं, ज्या दहा घरांनी तीन वर्षं हिशेब दिला, त्यांना त्यांच्या हिशेबाचं काय झालं ते एका कागदावर परत द्या, मराठीत.

टाळ्या पडल्या. मला टाळ्या नको होत्या, प्रश्न हवे होते. एका वयस्कर प्राध्यापकांनी मात्र पानं हातात घेतली आणि विचारलं, "हे खाली रेघ ओढून काय आहे?" मी म्हटलं, स्वयंपाकाचे तास. ते बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी झेरॉक्स मागितली. त्या दिवसात मला जे मिळालं ते एवढं, आणि मी ते कमी समजत नाही.

एका अधिकाऱ्यांना चहाच्या वेळी गाठून विचारलं, "साहेब, आम्ही बोललो ते पुढं कुठं जातं?" त्यांनी नीट सांगितलं. हमीभाव सुचवणारा आयोग १९६५ पासून आहे, १९८५ मध्ये त्याला आत्ताचं नाव मिळालं. तो २२ पिकांच्या हमीभावाची शिफारस करतो, उसाची वेगळी. त्याच्या रचनेत शेतकऱ्यांच्या वतीनं दोन बिनसरकारी सदस्यांची जागा आहे. आयोग शिफारस करतो, मग केंद्र सरकार राज्यांचं आणि खात्यांचं मत घेतं आणि शेवटी निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ घेतं. "म्हणजे आयोगाचं सुद्धा ऐकलंच पाहिजे असं नाही?" "नाही." सरळ उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आपला शब्द किती पायऱ्या चढणार आहे हे आधीच कळलं तर माणूस तो जपून आणि पक्का बांधून पाठवतो.

बैठकीचं इतिवृत्त मला मागून मागून दीड महिन्यानं मिळालं. माझ्या तीन मिनिटांचं त्यात एक वाक्य होतं: महिला प्रतिनिधींनी लागवड खर्च व मजुरी वाढल्याचे सांगितले. मी हे म्हटलंच नव्हतं. मजुरी वाढली हे सांगायला मी दोन एसटी बदलून गेले नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी चार पानांचं निवेदन लिहिलं, कॅलेंडरच्या झेरॉक्स जोडल्या आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचपावती आली, ती अजून आहे.

या सगळ्याच्या मागं २०२४ चा खरीप होता, तो विसरून चालणार नाही. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि आम्ही बाजारात विकलं ४,१५० नं. खरेदी केंद्रावर नेलं तर ओलावा चौदा टक्के भरला. मर्यादा बाराची, गाडी परत आली. नोव्हेंबरच्या मध्यात ती मर्यादा पंधरापर्यंत वाढवली, तोवर आमचं विकून झालं होतं, कारण रब्बीला हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं होतं. बैठकीत भावाच्या आकड्यावर चार तास बोलणं झालं, ओलाव्यावर दहा मिनिटं. हे उलटं व्हायला हवं होतं असं माझं मत आहे. भाव कितीही चांगला ठरवा, मशीनच्या काट्यावर तो अडला तर त्याचा उपयोग व्यापाऱ्याला. आणि काढणीच्या दिवसांत आमच्याकडं पाऊस थांबत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२८ मे २०२५ ला हमीभाव जाहीर झाले. सोयाबीन ५,३२८, तूर ८,०००. सोयाबीनला ४३६ रुपये वाढ, तुरीला ४५०. फोनवर बघितलं आणि कॅलेंडर खाली काढलं. सोयाबीनचा खर्च ३,५५२ धरला होता, ए-टू अधिक एफएल. माझा चांगल्या वर्षाचा तोच आकडा ४,१०० च्या वर. एकराचा ठोका आमच्याकडं पंधरा हजार, त्यातला निम्मा सोयाबीनच्या वाट्याला धरला तर क्विंटलला आणखी साडेअकराशे. म्हणजे साडेसहा क्विंटलच्या वर्षी जाहीर भाव पूर्ण मिळाला, तर सी-टू जेमतेम निघतो. चार क्विंटलच्या वर्षाचं मी काही लिहिलं नाही. ह्यांनी हिशेब शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, "तुझे तास काढून टाकले तर आपण फायद्यात दिसतो." ते हसत नव्हते.

आमच्या गावची तीन वर्षं संपली. फील्डमनला दुसरं गाव मिळालं, पन्नास-साठ किलोमीटरवर. जाताना आत्यांच्या पाया पडला. पुढं महिन्याभरात त्याचा फोन आला.

"वहिनी, इथं बायका तासच सांगत नाहीत. म्हणतात, मालकाला विचारा. एक दिवस येता का?"

पेरणीची घाई होती. तरी गेले. कॅलेंडरची जुनी पानं बरोबर घेतली आणि पेन्सिली एक डझन. एका ओसरीवर नऊ-दहा जणी जमल्या. बराच वेळ कुणी बोलेना. माझी पानं हातोहात फिरली. मग कोपऱ्यात बसलेल्या, माझ्या सासूच्या वयाच्या एका मावशींनी विचारलं, "बियाणं राखलेलं धरतेत का यात? चिमण्या हाकायला बसले होते मी चार दिवस, पोराला सुटी नव्हती."

फील्डमननं वही उघडली आणि विचारलं, "किती वाजता जायचात, मावशी?"